वसूलकाका

वसूलकाकांचं खरं नाव नागावच्या मतदारयादीत आहे आणि ते तिथेच सुखात आहे. बाहेर सगळे त्यांना वसूलकाका म्हणतात. याचा अर्थ ते उधारी वसूल करत फिरतात असा नाही. उधारी ते मुळात देतच नाहीत. पण कशावरही पैसे खर्च झाले, की त्यांचा एकच निकाल असतो : ‘पैसे वसूल.’ मांडव्याहून रो-रोनं भाऊच्या धक्क्याला गेले, तर मुंबईबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. बोट हलली नाही, वर पंखा होता, पैसे वसूल. मुलाच्या वरातीत बँडवाल्यानं ठरल्यापेक्षा दोन गाणी जास्त वाजवली, पैसे वसूल. हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा भेटायला गेलेल्यांना त्यांनी सांगितलं, ‘सकाळी दिलेली भूल संध्याकाळपर्यंत टिकली. पैसे वसूल.’

अष्टागरात असा माणूस वाडीगणिक एक सापडतो. काही गुंठ्यांची नारळ-सुपारीची वाडी, विहिरीवर पंप, पुढच्या अंगणात मुंबई-पुण्याच्या गाड्यांसाठी मोकळी ठेवलेली जागा आणि कुंपणावर ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ ही पाटी. शनिवार-रविवार ही मंडळी पैसेवाल्यांना अगदी जवळून पाहतात आणि सोमवारी, त्या लोकांनी काय काय उगीच विकत घेतलं आहे, याची उजळणी करतात. काकांचं तत्त्वज्ञान या उजळणीतून तयार झालं. त्याची दोनच वाक्यं आहेत. वस्तूत जे आहे त्याला ‘पैसे वसूल’ आणि जे नाही त्याला ‘आपल्याला काय करायचंय?’ या दोन वाक्यांत न बसणारी वस्तू अजून अलिबागच्या बाजारात आलेली नाही.

काकांचा मोबाइलशी संबंध तसा जुना; म्हणजे न घेण्याचा. देशातलं मोबाइलवरचं पहिलं संभाषण 31 जुलै 1995 ला झालं. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. कोणी आपल्याला शिव्या द्यायला फोन केला तरी बिल आपणच भरायचं, ही व्यवस्था काकांना पटणं शक्यच नव्हतं. ते थांबले. 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं, त्याच वर्षी टॉर्चवाला नोकिया 1100 बाजारात आला, आणि काकांचा निर्धार ढळला. पुढे कित्येक वर्षं त्यांनी त्या फोनवरून कोणाला फोन केला नाही. मिस्ड कॉल दिले. एक वाजला की ‘अलिबागेतून निघालो’, दोन वाजले की ‘भात लाव’, तीन वाजले की ‘यष्टी चुकली, भात उतरव’. काकीला त्यातलं सगळं कळायचं. एक पैसाही न खर्चता चाललेला तो संसार होता.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि फुकट डेटाच्या सिमसाठी रांगा लागल्या. रांगेत काका होते. हे सिम 4जीचं आहे, तुमच्या टॉर्चवाल्या फोनात चालणार नाही, असं काउंटरवरच्या पोरानं समजावून सांगितलं. काका म्हणाले, ‘फुकट आहे ना? मग चालेल नाय तर न चालेल, दे.’ ते सिम कपाटात, काकीच्या नथीच्या डबीत गेलं आणि आतल्या आत त्याची मुदत संपली.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आदळलं. वाडीतल्या पोफळी माना टाकून पडल्या, घरांवरचे पत्रे शेजारच्या आळीत सापडले आणि वीज कितीतरी दिवस आली नाही. गावातले स्मार्टफोन एकेक करून मिटले. काकांचा मात्र चालू. टॉवरच गप्प झालेले असल्यामुळे तो लागत कोणालाच नव्हता. पण संध्याकाळी ते ओटीवर बसून टॉर्च एकदा लावायचे, एकदा विझवायचे आणि समोरून जाणाऱ्याला सांगायचे, ‘अजून दोन कांड्या आहेत.’

असा माणूस स्मार्टफोनकडे वळला तो मुलामुळे. पाहुणे रोख पैसे आणेनासे झाले, तेव्हा पनवेलला नोकरी करणाऱ्या मुलानं जेवायच्या पडवीत आपल्या खात्याचा क्यूआर कोड चिकटवून टाकला. सुरमई काकीनं तळायची, थाळ्या काकांनी वाढायच्या आणि पैसे परस्पर पनवेलला. महिनाअखेरीला मुलगा हिशेब द्यायचा, पण ‘बाबा, त्यातून लाइटबिल वळतं केलं, गॅसचं वळतं केलं’ असा. एका रविवारी शेवटची गाडी गेल्यावर काका त्या चिकटवलेल्या कागदासमोर उभे राहिले. म्हणाले, ‘घर माझं, मासे माझे, चौकोन त्याचा!’ आणि फोन घ्यायचं ठरलं.

‘अलिबागसे आया है क्या’ या, अलिबागकराला भोळा ठरवणाऱ्या हिंदी वाक्यावर बंदी घालावी म्हणून 2019 मध्ये एक अलिबागकर उच्च न्यायालयात गेले होते. न्यायालयानं ती याचिका फेटाळली. काका न्यायालयात जाणाऱ्यांतले नाहीत. ते दुकानात जातात. अलिबागकराला कोणी फसवू शकत नाही, हे सिद्ध करायची त्यांची जागा म्हणजे दुकानाचं काउंटर. अख्खा हिवाळा ते अलिबागच्या बाजारपेठेतलं एकेक मोबाइलचं दुकान तपासत होते. दुकानदार म्हणाला, ‘काका, स्क्रीन 90 हर्ट्झ आहे.’ म्हणजे काय? ‘म्हणजे एकदम स्मूथ.’ काकांनी काचेवर तीनदा बोट फिरवलं आणि मान्य केलं, ‘आहे गुळगुळीत.’ खोक्यावर 8 जीबी रॅम छापलेली होती. खोदून विचारल्यावर कळलं की खरी 4 आहे, बाकीची 4 साठवणीच्या जागेतून उसनी घेतलेली. दुसरा कोणी खोकं ठेवून निघून गेला असता. काका उलट खूश झाले. ‘उसनी का होईना, परत मागायला तर कोणी येणार नाय?’ पाठीवर तीन कॅमेरे होते. त्यातला एकच फोटो काढतो, उरलेले दोन बहुतेक सोबतीला आहेत, हे दुकानदारानं नजर चुकवत कबूल केलं. काकांनी तिन्ही मोजले. फोन ठरला. किंमत 10,499 रुपये. वर स्क्रीनगार्ड आणि पारदर्शक कव्हर फुकट. कंपनीचं नाव मी सांगत नाही. पुढे जे घडलं त्यात कंपनीपेक्षा काकांचा हात मोठा आहे.

फोन घरी आला त्या संध्याकाळी काकांनी ओटीवर प्रथमदर्शनी मत जाहीर केलं : ‘वजनाला भरपूर आहे.’ दुसऱ्या दिवशी, ‘स्क्रीन साडेसहा इंची, बाजूच्या घरातून वाचता येतं.’ पुढचा पंधरवडा गावाला रोज एक प्रथमदर्शनी मत मिळत गेलं. बॅटरी 5000 एमएएचची. दोन दिवस पुरते, पैसे वसूल. ती भरायला मात्र तीन तास लागतात. ‘रात्री लावायचा. आपण काय बसून बघणार आहोत?’ 64 जीबीतली बरीचशी जागा फोननं आल्या आल्याच स्वतःसाठी ठेवून घेतली होती. ‘राहू दे, त्यालाही लागतं.’ आत न मागितलेली वीस-पंचवीस अ‍ॅप्स भरलेली होती, ती काकांनी एकही काढली नाहीत. पैसे दिलेत तर घरात असू देत. त्यातल्या रमीच्या खेळाला ते हात लावत नाहीत, पण आहे ती वस्तू फेकायची कशी?

जाहिरातींचं तर त्यांना कौतुकच वाटलं. सकाळी फोन उघडला की कर्जाची जाहिरात येते : अभिनंदन, तुम्हाला पाच लाखांचं कर्ज मंजूर. ज्या काकांना पंपाच्या कर्जासाठी एका बँकेच्या दारात दोन वर्षं उभं राहावं लागलं होतं, त्यांना ही भाषा नवीन होती. ते जाहिरात पूर्ण वाचतात, चष्मा पुसतात आणि मोठ्या मनानं म्हणतात, ‘नको, सध्या गरज नाय.’

खरी अडचण आली ती अंगठ्याची. बाजूच्या बटणावर बोट ठेवलं की फोन उघडतो. काकांचा अंगठा आयुष्यभर अडकित्ता आणि कोयता धरून झिजलेला. रेशन दुकानातलं यंत्रही त्याला दरवेळी परकं समजतं. फोननं दोन्ही अंगठे नाकारले, दोन्ही तर्जन्या नाकारल्या आणि शेवटी डाव्या हाताची करंगळी स्वीकारली. तेव्हापासून ग्रामसभा असो, हरिनाम सप्ताह असो, फोन वाजला की काका आधी करंगळी वर करतात. ओळखीचे लोक बसून राहतात. अनोळखी लोक सरकून वाट देतात.

फोटोतली गोष्ट निराळी. कॅमेऱ्यात चेहरे उजळवायची सोय होती आणि ती बंद कशी करायची हे कोणालाच सापडलं नाही. त्यामुळे उन्हातान्हात रापलेला आमचा अख्खा कोळीवाडा काकांच्या फोटोत अलिबागच्या पांढऱ्या कांद्यासारखा सोललेला दिसू लागला. बायका खूश झाल्या. काकांच्या मागे ‘एक काढा ना’ म्हणून रांग लागली. उलट माघात वाडीत पोपटी लावली तेव्हा काढलेल्या फोटोत फक्त काळोख आला. मडकं नाही, वालाच्या शेंगा नाहीत, भांबुर्डीचा पाला नाही, माणसं नाहीत. काकांनी तो सगळ्यांना पाठवला आणि खाली लिहिलं, ‘पोपटी, रात्री साडेनऊ.’ वेळ बरोबर होती.

लिहिण्यापेक्षा बोलून काम करणं त्यांना पसंत पडलं. फोनला मराठीत सांगायचं, तो लिहून देतो. आक्षीत शके 934 चा, म्हणजे 1012 सालचा शिलालेख आहे. अभ्यासक त्याला मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत धरतात. तिथल्या पाथरवटानं हजार वर्षांपूर्वी जे निभावलं, ते फोनला आक्षीच्या शेजारच्या गावात जमेना, कारण दुकानातल्या मुलानं तो हिंदीवर लावून दिला होता. पाहुण्यांना काकांनी बोलून कळवलं, ‘जिताडा आहे.’ पोचलं ते ‘जीत अडा है.’ तिकडून उत्तर आलं, ‘अभिनंदन काका! कोणाची मॅच होती?’ काकांनी हेही जमेला धरलं. ‘मासा कळला नाय, पण माणूस खूश झाला.’

मे महिन्यात त्यांनी फोनला विचारलं, ‘नागावात पाऊस आहे का?’ फोन म्हणाला, येत्या तासाभरात जोरदार. काकांनी आरडाओरडा करून गच्चीवर वाळत घातलेले पापड, कुरडया, आमसुलं सगळं गोळा करायला लावलं. वर ऊन रणरणत होतं. संध्याकाळी मुलानं फोनवरून उलगडा केला की ते नागाव आसामातलं. काकी काही बोलली नाही. तिनं फक्त पापडांचा ढीग काकांच्या पुढ्यात ठेवला. काका दोन दिवस पापड पसरत होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, ‘आसामचंही कळतं. वेगळे पैसे नाय.’

एकदा मुंबईचं एक जोडपं उतरलं होतं. त्यांच्याकडे लाखाच्या वरचा फोन. ओहोटी बघून काका त्यांना चालत कुलाबा किल्ला दाखवायला घेऊन गेले. त्या तरुणानं फोन प्लास्टिकच्या पाकिटात, पाकीट कमरेच्या पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत अशी व्यवस्था केली होती आणि घोट्याएवढ्या पाण्यातून तो दोन्ही हात पिशवीवर ठेवून चालत होता. किल्ल्यातल्या गणपतीला नमस्कार केला तोही एका हातानं. काकांचा फोन शर्टाच्या खिशात, अर्धा बाहेर. परत आल्यावर काकांनी मला सांगितलं, ‘लाखाचा फोन माणसाला राखायला लागतो. माझा फोन मला राखतो.’ मला ते वाक्य आवडलं. ते त्यांना इतकं आवडलं, की त्या आठवड्यात त्यांनी ते चावडीपासून मासळी बाजारापर्यंत सगळ्यांना ऐकवलं.

त्याच तरुणानं किल्ल्यावर उभं राहून विचारलं होतं, ‘काका, तुमच्या फोनमध्ये होकायंत्र आहे का? खांदेरी नेमकं कुठल्या दिशेला?’ काकांच्या फोनमध्ये होकायंत्र नाही. स्वस्त फोनमध्ये ते पुष्कळदा नसतं, कारण त्याला चुंबकत्व ओळखणारा एक छोटा भाग लागतो आणि पहिली काटछाट होते ती अशा न दिसणाऱ्या भागांची. गंमत अशी, की मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मापनं बिघडणार, म्हणून 1904 मध्ये ते काम हलवून ज्या गावात आणलं, ते हेच अलिबाग. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद शंभराहून अधिक वर्षं ठेवणाऱ्या गावातल्या माणसाच्या खिशात उत्तर कुठे हे न कळणारा फोन होता. काकांनी हात वर करून खांदेरीकडे दाखवलं. ‘आपल्याला काय करायचंय होकायंत्र? सूर्य बुडतो ती पश्चिम. आमच्याकडे पश्चिम चुकायची तर समुद्र हलवायला लागेल.’

एकूण काय, फोनमध्ये खोट अशी काही उरलीच नव्हती. असतील त्या खोटींचे काकांनी गुण करून घेतले होते. हे सगळं असंच चाललं असतं, पण नवरात्राच्या सुमाराला ऑनलाइन सेल लागला. पुतण्यानं भाबडेपणानं येऊन सांगितलं, ‘काका, तुमचाच फोन, तोच रंग, 8,999 ला आलाय.’

काका काही बोलले नाहीत. त्यांनी फोन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. आणि मग, आठ महिने वापरल्यानंतर, त्यांनी तो पहिल्यांदा बघितला. ‘उन्हात काय दिसत नाय यात,’ ते म्हणाले. एवढे दिवस ते समुद्रावर डोक्यावर टॉवेल घेऊन फोन बघत होते आणि ‘उन्हापासून डोकंही वाचतं’ म्हणत होते. संध्याकाळपर्यंत यादी पूर्ण झाली. होकायंत्र नाही. अंगठा घेत नाही. तीन कॅमेऱ्यांतले दोन आंधळे. 8 जीबी म्हणतो आणि 4 उसनी. तीन तास चार्जिंगला, लाइट गेली तर दिवस फुकट. सकाळी सकाळी कर्जं विकतो. ‘आणि आसामचा पाऊस आम्हाला कशाला?’ फोनमध्ये काडीचाही बदल झालेला नव्हता. तो फक्त दीड हजारांनी स्वस्त झाला होता. तेव्हा मला उमगलं, की काकांनी इतके महिने फोन वापरलाच नव्हता. वापरत होते ती 10,499 ही किंमत. बोलत होते ते तिच्याशी, फोटो काढत होते ते तिचे, आणि आज त्यांच्या हातातून पडून फुटली तीही तीच.

दोन दिवस ओटीवर निकाल नाही, मत नाही. मुलगा बिचारा समजूत काढायला शेअर बाजाराचं उदाहरण द्यायला गेला : भाव पडला की लोक आणखी घेतात, मग सरासरी खाली येते. काकांनी पानावरून मान वर केली. जेवण टाकून पाटीवर आकडे मांडले. 10,499 अधिक 8,999, भागिले दोन : 9,749. ‘म्हणजे माझा फोन साडेसातशेनं स्वस्त पडला!’ त्याच रात्री काकीसाठी दुसरा फोन मागवला. काकीनं मागितला नव्हता. पण सरासरीला दोन आकडे लागतात.

काकीच्या फोनबद्दल गावाला प्रथमदर्शनी मत काही मिळालं नाही. तिनं तो वापरायला घेतला. बचत गटातल्या एका पोरीकडून हिंदीचं मराठी करून घेतलं, रमी काढून टाकली, कर्जवाले बंद केले. थाळीचे फोटो ती सकाळच्या उजेडात, तुळशीपाशी काढते. तिथे त्या एकुलत्या डोळस कॅमेऱ्यालाही सुरमई दिसते. दिवाळीनंतर खोल्यांची बुकिंगं तिच्याकडेच येऊ लागली, सोबत पापडांच्या आणि कांद्याच्या माळांच्या ऑर्डरी. आणि एक दिवस पडवीतल्या खांबावर, मुलाच्या चौकोनावरच, तिनं नवा चौकोन चिकटवला.

नाताळच्या सुट्टीत मी तिथे होतो. पुण्याचं एक कुटुंब निघायच्या बेतात होतं. गृहस्थांनी विचारलं, ‘काका, पैसे कुठे पाठवू?’ काका लगबगीनं उठले. खिशातून फोन काढला. करंगळी लावली. फोन म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा. करंगळी धोतराला पुसून पुन्हा लावली. फोन उघडला, कर्जाची जाहिरात आली, काकांनी सवयीनं ती वाचायला घेतली. मग पैशांचं अ‍ॅप उघडलं आणि त्यावर एक चक्र फिरू लागलं. तोवर गृहस्थांनी इकडेतिकडे पाहून खांबावरचा चौकोन गाठला होता. स्वयंपाकघरातून मोठ्यानं आवाज आला : ‘सहा हजार चारशे रुपये प्राप्त झाले.’ आतून येणारी काकीच्या कढईतल्या झाऱ्याची खडखड एकदाही थांबली नाही.

मी काकांकडे पाहिलं. ज्या पैशांसाठी त्यांनी अख्खा हिवाळा दुकानं पालथी घातली, ते पनवेलहून निघाले होते खरे, पण ओटीपर्यंत न येता चुलीपाशीच उतरले होते. काकांच्या हातातलं चक्र अजून फिरत होतं. त्यांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, एकदा पाहुण्यांकडे, आणि छाती पुढे काढून म्हणाले,

‘पाहिलंत? काय पटकन लागला! माझ्याकडे हाच आहे.’